वाकड्या दातांची करवत

नातवाला लाकडाच्या धंद्यासाठी नवी मशीन घ्यायची आहे. साखळीवाली, पेट्रोलवर चालणारी. परवा जेवण झाल्यावर तो मोबाईल घेऊन माझ्या खाटेवर बसला आणि एकेक चित्र दाखवायला लागला. ही कडुलिंबाला चालते, ही मोठ्या चिंचेला चालते, हिची पट्टी लांब आहे, ही हाताला हलकी आहे. मी चष्मा पुसून सगळ्या बघितल्या. त्यात एक नारंगी होती. दिसायला मोठी देखणी, नव्या नवरीसारखी.

"सांग आजी, कुठली घेऊ?"

"ती नारंगी सोडून कुठलीबी घे."

"का गं? सगळ्यात जास्त तर तिलाच बघत होतीस."

"म्हणूनच."

त्याला वाटलं म्हातारी चळली. तो हसत उठून गेला. पण करवतीच्या बाबतीत मला जे आवडेल ते घ्यायचं नाही, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरलेलं आहे. ते कसं ठरलं, हे त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलं नाही, ही त्यांची भलमनसाई. मी सांगते.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. आमच्या बोलण्यात 'मोगलाई'. सोलापूर मात्र इंग्रजांकडं. मोठी लढाई चालू होती, आणि ती कुठं चालू आहे हे आम्हाला ठाऊक नसलं तरी बाजारात लोखंड मिळत नाही एवढं कळत होतं. लग्न झालं तेव्हा माझं वय काय होतं ते लिहीत नाही. आताच्या कायद्यात बसणार नाही.

माहेर परंड्याचं. वडील सुतार, पण नाजूक कामाचे. पाळणे, चौरंग, देव्हारे. सासरही सुताराचंच, नळदुर्गाजवळच्या एका खेड्यात, पण इथलं काम रांगडं. बैलगाड्या, नांगर, तेल्याचे घाणे. माहेरी लाकूड मांडीवर घेऊन काम करायचे, सासरी लाकडावर चढून बसायचे. मला हे सगळं आडमुठं वाटायचं. त्याला कारण होतं माझा डोळा.

वडील पाळण्याचा गज तासून झाला की माझ्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, "बघ गं, कुठं वाकलाय का?" मी एक डोळा मिटून गजाच्या टोकाकडून बघायची आणि बोट ठेवायची. तिथं हमखास केसाएवढा बाक असायचा. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझ्या लेकीचा डोळा गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ आहे. झालं. सासरी येताना मी लुगडी आणली, भांडी आणली आणि हा डोळा आणला. पहिल्याच आठवड्यात घराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, पोळपाटाला सगळ्यांना वाकडं ठरवून मोकळी झाले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "बाई गं, देवाचं नशीब, त्यो आमच्या घरात येत न्हाय. न्हायतर त्यालाबी वाकडा म्हणशील."

सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, पण मनातल्या मनात. नव्या सुनेनं सासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही, ही रीत. मामंजींना जे सांगायचं ते आत्याबाईंच्या नावानं सांगायचं, मग मामंजी तिथंच समोर बसलेले का असेनात.

"आत्याबाई, मामंजींना म्हणावं, भाकरी निवायली."

"आईकलं का? भाकरी निवायली म्हणं."

"आईकलं," मामंजी म्हणायचे. "दोनदा आईकलं."

आता करवतीकडं येते. मोठं झाड पाडायचं तर दुहाती करवत लागते. लांब पातं, दोन टोकांना दोन मुठी, दोन माणसं. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं हात सैल सोडायचा. मग त्यानं ओढायचं आणि ह्यानं सोडायचं. ढकलायचं कुणीच नाही, ढकललं की पातं वाकतं. आमच्याकडं एक मूठ मामंजींची आणि दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. मामंजींची मूठ म्होरक्याची. तिथून झाडाचा शेंडा दिसायचा, कधी थांबायचं, पाचर कधी ठोकायची, हे तीच मूठ सांगायची. मी यायच्या आदल्या साली धाकटे वारले. जुनी करवतही झिजून झिजून सुरीएवढी राहिली होती. मामंजींनी मोठी कामं घेणं बंद केलं. आमचे हे तेव्हा हाताशी आलेले होते, पण मामंजींचा त्यांच्या हातावर भरवसा नव्हता. "ओढतंय बरं, पण सोडत न्हाय," एवढंच म्हणायचे.

नुसत्या नांगराच्या दुरुस्तीवर घर किती दिवस चालणार? नणंद सोलापूरला दिलेली होती. तिच्या नवऱ्यानं ह्यांच्यासाठी गिरणीत जागा बघून ठेवली होती. तशात गावच्या तेल्याचा घाणा तडकला. तेली म्हातारा, सगळे त्याला अप्पा म्हणायचे. करडईची पोती दारात येऊन पडली आणि घाणा बंद. अप्पाच्या शेतात एक जुनी चिंच होती. तिचं खोड जाड, पण पुरुषभर उंचीवरच तिला दोन फांद्या फुटलेल्या. म्हणजे घाण्याला जेवढं लाकूड लागतं तेवढंच, बोटभरही जास्त नाही. कुऱ्हाडीनं पाडायची सोय नव्हती. कुऱ्हाडीच्या घावात बुंध्याचं हातभर लाकूड ढलप्यांतच जातं. करवतीनं, अगदी जमिनीलगत, सरळ कापायला पाहिजे. आणि पडताना खोड फाटलं तर सगळंच संपलं.

एका संध्याकाळी मामंजी ह्यांना म्हणाले, "हे खोड धड पडलं तर घरात दोघांपुरतं काम हाय. एक घाणा बघून धा गावचे तेली येतेत. न्हाय पडलं, तर तू सोलापूर धर."

मी आत पीठ मळत होते, ते ऐकून परातीतच हात थांबला. कारण गिरणीत माणूस जायचा तो एकटा. बायको सासू-सासऱ्यांपाशी. सणावाराला एकदा यायचा, साबणाची वडी आणायचा आणि परत जायचा. आमच्या आळीत अशा दोघी होत्या, साबण वासाचा वापरायच्या आणि दाराकडं बघत बसायच्या. मला ह्यांच्याशी अजून धड बोलताही येत नव्हतं. तीन वाक्यांच्या पुढं आमची गाडी जात नव्हती. पण ती तीन वाक्यं मला सोडायची नव्हती. झाड मामंजींनी पाडायचं होतं, पण मनातून कमरेला पदर मीच खोचला.

नव्या करवतीसाठी सोलापूर गाठणं भाग होतं. नणंदेच्या बाळाचं बारसंही तेव्हाच होतं. माझ्या वडिलांनी पाळणा पाठवला होता, तो गाडीत घालून आम्ही चौघं निघालो. मी वाटभर पाळण्याच्या गजांवरून हात फिरवत होते आणि आत्याबाईंना एकेक गज किती सरळ आहे ते सांगत होते. त्या झोपल्या. मी तरी सांगतच होते.

बारसं उरकल्यावर मामंजींनी सगळ्यांना एका बोहरी शेठच्या दुकानापाशी नेलं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. लढाईमुळं माल नव्हताच, शेठकडं दोनच करवती निघाल्या. एक कोरी, चकचकीत. बारीक, एकसारखे दात, मुठींना हिरवा रंग. बघताच माझा जीव जडला. दुसरी जुनी, कुणीतरी विकून गेलेली. काळपट रुंद पातं, करंगळीएवढे विरळ दात, घामानं काळ्या पडलेल्या मुठी. तुपातली पुरी आणि चुलीतलं लाकूड शेजारी ठेवावं तशा त्या दोघी.

"मिस्त्री, ही नवी न्या. कशी चांदीसारखी आहे," शेठ म्हणाले.

"चांदी करायची न्हाय शेठ, चिंच पाडायचीय."

मामंजींनी कमरेची दोरी काढली. तिला खोडाच्या रुंदीची एक गाठ होती आणि पुढं हात ओढायला जेवढी जागा लागते तिची दुसरी. चांदी पहिल्या गाठीपाशीच संपली. "खोडाएवढीच करवत असल्यावर हलवायची कुठं?" ते ह्यांना म्हणाले. "आन् दात बघ. ओल्या लाकडाचा भुसा ह्या बारीक दातात बसला की करवत झोपली." मग त्यांनी काळी उचलली, धनुष्यासारखी वाकवली आणि सोडली. ती थरथरत सरळ झाली. नखानं वाजवली. आवाज बराच वेळ राहिला.

हे सगळं मी ऐकत होते म्हणायला, पण डोळे हिरव्या मुठींवर होते.

"आईकलं का," मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "सुई हाय का जवळ?"

"गुंडी तुटली व्हय?"

"दे तर."

त्यांनी काळ्या करवतीचे दात वर केले, एक टोक जरा उचललं, वरच्या टोकाला दातांमध्ये सुई ठेवली. सुई दातांमधून घसरत घसरत पार खालच्या टोकापर्यंत गेली. शेठनी मान हलवली. मामंजींनीही मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सोलापूरची हवा लागली, खेळायला लागला.

पैसे चुकते होईतो ती करवत पायरीला टेकवून ठेवली, नेमकं टोक माझ्याकडं करून. मी सवयीनं एक डोळा मिटून बघितलं. दात वाकडे! एक दात इकडं झुकलेला, पुढचा तिकडं. पंगतीत बसल्यासारखे, एक ह्या शेजाऱ्याशी बोलतोय, दुसरा त्या. वडिलांच्या करवतींना मी असं कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या करवती इवल्याशा, दात मोहरीएवढे; ते झुकलेले असतीलही, पण एवढ्या बारीक दातांचा बाक माझ्या ओळंब्यालाही दिसला नसेल. ते मला आज सुचतं.

मी ह्यांच्या बाहीला धरलं. "अहो, दात वाकडे हायत. मामंजींना सांगा."

"दादांना कळत न्हाय व्हय?" हे वडलांना दादा म्हणायचे.

"त्यांची नजर मंद झाली असंल."

"गप बस. आईकतील."

ह्यांनी सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं. आणि आत्याबाई सुई परत मिळाली का ते बघत होत्या. करवत गाडीत चढली.

परतताना सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर गाडी अडवली. जकातीच्या शिपायानं चादर उचलली, करवत बघितली आणि मिशीत हसला. "क्या मिस्तरी, कौनसे दुश्मन के वास्ते लेको जारे?"

"चिंचेसाठी, सायेब."

"झाड से पूछ लिये क्या?"

"इचारणार की. न इचारता कसं?"

शिपायाला ते फार पटलेलं दिसलं. त्यानं आमच्याकडून घ्यायचं ते घेतलं, पण चादर स्वतःच्या हातानं परत नीट घातली.

झाडाला विचारायची आमच्याकडं खरोखरच रीत होती. पाडायच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या बायकांनी जायचं, हळदी-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि सांगून यायचं. हत्यार धुऊन, पुजून, कोऱ्या फडक्यात गुंडाळून झाडाला टेकवून ठेवायचं. ते सकाळच्या पहिल्या ओढीपर्यंत कुणी उघडायचं नाही. मध्येच उघडलं तर झाड रुसतं. धुवायचं-पुसायचं काम सुनेचं.

तर त्या दुपारी मामंजी आणि हे दोर आणायला अप्पाकडं गेले, आत्याबाई शेजारी, आणि घरात मी आणि ती करवत. मी तिला राखेनं घासली. चिंचेचा कोळ लावून पुन्हा घासली. चिंचेचं झाड पाडणारी करवत मी चिंचेनंच लखलखीत केली. मग एक डोळा मिटून बघितलं. लखलखीत पात्यावर ते दात आणखीनच वाकडे दिसायला लागले. मला सोलापूरच्या गिरणीचा भोंगा ऐकू आला. मी ह्यांची लहान हातोडी घेतली, करवत पायरीच्या सपाट दगडावर आडवी घातली आणि एकेक दात ठोकून सरळ केला. एका बाजूनं, मग उलटी करून दुसऱ्या बाजूनं. मन लावून. ओवी म्हणत. असं सुरेख काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही. शेवटी टोकाकडून बघितलं तर सगळे दात एका रेषेत, शाळेतल्या पोरांसारखे. तेल लावलं, हळदी-कुंकू लावलं, फडक्यात गुंडाळलं. कुणाला बोलले नाही. मला वाटलं, उद्या करवत लोण्यात जावी तशी गेली की मग बोलू.

संध्याकाळी आत्याबाईंनी खोडाला हात लावला आणि म्हणाल्या, "बाई, तुझ्या सावलीत आमी लई बसलो. उद्या तुला न्यायला येणार. तुझ्यावर जे कोण ऱ्हात असंल त्यांनी बिऱ्हाड हलवावं. राग धरू नगंस." वर कुठंतरी पंख फडफडले. मी पण हात जोडले आणि मनात म्हटलं, धड पड गं माय, माझं बिऱ्हाड तुझ्यावर हाय.

सकाळी आम्ही दोघी भाकरी घेऊन शेतात पोचलो तेव्हा पडायच्या बाजूला कुऱ्हाडीची लहानशी खाच घेऊन झाली होती. अप्पा दोर धरून बांधावर बसला होता. मामंजींनी फडकं सोडलं. करवत उन्हात अशी चमकली की अप्पानं डोळ्यांवर हात धरला. "मिस्त्री, आरसा आणला का काय?" दात सोलापुरात बघून झाले होते, म्हणून मामंजी नुसता कपाळाला हात लावून वाकले, म्होरक्याची मूठ धरली, हे पलीकडं बसले आणि ओढ सुरू झाली.

सालीतून करवत छान गेली. मी आत्याबाईंकडं बघून मान उडवली. पुढं चार बोटं आत गेली आणि आवाज बदलला. आधी खसखस येत होती, आता कण्हल्यासारखं. मग करवत थांबली.

"ढकलू नगंस रं."

"म्या ढकलत न्हाय, दादा."

"मग काय झाड ढकलायलंय? सैल सोड."

"सोडलंय की!"

पुन्हा ओढ. पुन्हा थांबली. आता इकडंही येईना आणि तिकडंही जाईना. पातं जरा वाकलं. ह्यांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. मामंजींनी मूठ सोडली, कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, त्यामुळं जास्तच लागलं, "तुझ्या चुलत्यासंगं एवढ्या वेळात निम्मी झाली असती. बघ बाबा, तू सोलापूरच बघ."

ह्यांनीही मूठ सोडली आणि तळहात मातीला पुसले.

मला राहवेना. ह्यांना वाचवायला पाहिजे, हे कळत होतं. पण माझं सुरेख कामही लोकांना कळायला पाहिजे होतं. दोन्ही एका दमात करायला गेले आणि काय बोलले ते लिहिताना आजही पदर तोंडात जातो.

"आत्याबाई," मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "मामंजींना म्हणावं, करवतीची काळजी नगं. वाकडे दात सगळे म्या कालच ठोकून सरळ केलेत. आता अडलं तर ह्यांचाच हात अडत असंल!"

चिंचेचं पान हललं नाही. आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण "आईकलं का" म्हणायचा त्यांना पहिल्यांदाच धीर झाला नाही.

मामंजींनी पाचर ठोकून चीर फाकवली, करवत सोडवून बाहेर काढली आणि दातांवरून अंगठा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. आधी हसला तो अप्पा. बांधावरच आडवा झाला. "मिस्त्री, तुमच्या सुनंनं वाघाचे दात पाडले की वो!"

मामंजींचा चेहरा काही हसरा नव्हता. ते आधी ह्यांच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "पोरी, इकडं ये."

मी मागं वळून बघितलं, कुठल्या पोरीला बोलवतात ते. मागं नुसती तूर होती.

"तुलाच. बस इथं. डोळा सरळ हाय म्हणं तुझा."

"आत्याबाई, मामंजींना म्हणावं, व्हय."

"आता तिला कशाला मधी घालतीस? म्या काय आंधळा हाय? मंद नजरेचा हाय म्हणं, पण दिसायलीस मला."

म्हणजे सोलापुरातलंही ऐकलं होतं.

त्यांनी पिशवीतून एक लोखंडी पट्टी काढली. तिच्या टोकाला बारीक खाच होती. ती दातात अडकवायची आणि दात हलकेच झुकवायचा. "सांग," ते म्हणाले, "गल्ली गाडीएवढीच असली तर गाडी जाईल का?"

"अडकंल."

"करवत बी गाडीच हाय. एक दात इकडं, एक तिकडं झुकलेला असला, तर पात्यापेक्षा रुंद वाट पडती. मग मागनं पातं सुखानं जातं. तू सगळे दात ओळीत बसवलेस, ते आपल्यापुरतीच वाट करायले. ओलं लाकूड दोनी बाजूंनी धरून बसलंय. त्या गरिबानं काय ओढावं?"

तो गरीब पलीकडं बसून गवताची काडी चावत होता. माझ्याकडं बघायला तयार नव्हता, पण कान लाल झाले होते आणि ओठांचे कोपरे काही जागेवर राहत नव्हते.

मग आम्ही दात वाकडे करायला बसलो. मामंजी एकेक दात झुकवायचे आणि करवतीचं टोक माझ्यापुढं धरायचे. मी डोळा मिटायची. "हा कमी झुकला." ते जरा आणखी झुकवायचे. "हा लई गेला." ते परत आणायचे. सुरुवातीला मी आत्याबाईंकडं तोंड करून सांगत होते, मग विसरून गेले. चिंचेच्या सावलीत, तिला कापायच्या हत्याराचे दात आम्ही तिच्याच बुंध्याला टेकून नीट करत होतो. आत्याबाईंनी भाकऱ्या सोडल्या, अप्पानं ठेचा काढला. कुणालाच घाई नव्हती. उन्हं चढली तशी सावली सरकली आणि आम्हीही सरकलो.

सगळे दात झाल्यावर सुई पाहिजे होती. अप्पाकडं पेंडीची पोती शिवायचा दाभण होता. मामंजींनी तो दातांमध्ये ठेवला आणि टोक उचललं. दाभण थोडा घसरला आणि कडेनं खाली पडला.

"कुठला?"

मी डोळा मिटून बोट ठेवलं. त्यांनी तो दात नीट केला. पुन्हा दाभण ठेवला. दोन्हीकडं सारखे झुकलेल्या दातांच्या मधल्या पन्हळीतून, मुंगीनं वाट धरावी तसा तो या टोकाचा त्या टोकाला गेला, आणि तेव्हा मला कळलं की सोलापुरात म्हातारा खेळत नव्हता.

"सरळ बघणाऱ्यालाच वाकडं नीट बसवता येतं," मामंजी म्हणाले. मी हुरळले. लगेच पुढं म्हणाले, "आधी इचारायचं तेवढं शीक."

मग ते उठले, करवत चिरेत घातली आणि म्होरक्याच्या मुठीपाशी गेले. हे आपल्या जागी बसायला निघाले. मामंजी तिथंच उभे राहिले. "इकडं ये रं. ही धर. म्या तिकडं बसतो."

"दादा, ती तुमची..."

"शेंडा तू बघ. थांबायचं तू सांग. म्या ओढतो आन् सोडतो."

आणि ते जाऊन धाकट्या भावाच्या जागेवर बसले. त्या जागेवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते. चुकलं असं काही म्हणाले नाहीत. आमच्या घरातले पुरुष तसं म्हणत नसत, मूठ बदलत.

करवत सुरू झाली. खस, खस, खस. भुसा ओल्या रव्यासारखा बाहेर पडायला लागला. हे मध्येच "थांबा" म्हणायचे आणि मामंजी थांबायचे, शहाण्या पोरासारखे. पाचर बसली. पुन्हा ओढ. मग हे वर बघून म्हणाले, "दादा, बाजूला." चिंच जरा वेळ उभीच राहिली, विचार केल्यासारखी. मग आतून एक कडाका झाला आणि ती पडली. धूळ उठली. पाखरं आदल्याच रात्री गेली होती. उडायला कुणी नव्हतं.

धुळीतून मामंजी खोडापाशी गेले. कापल्या बाजूवरून हात फिरवला. दोन्ही फांद्यांच्या बेचक्यापर्यंत वाकून बघत गेले. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकलं, कान लावला. आम्ही सगळे त्यांच्या कानाकडं बघत होतो.

"धड हाय," ते म्हणाले.

अप्पानं फेटा काढून डोकं पुसलं. आत्याबाई उगाचच उरलेल्या भाकरी मोजायला लागल्या. हे माझ्या जवळून जाताना थांबले आणि आमच्या तीन वाक्यांच्या हिशेबातलं एक खर्च करून म्हणाले, "माझाच हात अडत व्हता म्हणं?"

"आता न्हाय अडत," मी म्हणाले.

सोलापूरला निरोप गेला की जागा दुसऱ्या कुणाला द्या. पुढं कितीक झाडं पडली, कितीक घाणे झाले. करवतीचे दात झुकवायची वेळ आली की मामंजी अंगणातून हाक मारायचे, "पोरी, डोळा आण!" आणि मी हातातलं टाकून जायची. सासऱ्याशी तोंडानं बोलणारी सून म्हणून आळीत माझं नाव झालं. आत्याबाईंनी मात्र जन्मभर करवत धुवायला मला एकटीला कधीच दिली नाही. शेजारी बसून राहायच्या, हातोडी मांडीखाली घेऊन.

घाणा उभा राहिला, बैल फिरला, आणि पहिल्या करडईच्या तेलातलं अप्पानं आमच्या घरी लोटाभर पाठवलं. आत्याबाईंनी त्यातलं वाटीभर काढून मला पुढ्यात बसवलं आणि माझ्या टाळूवर ओतलं. भरपूर. कानावरून, मानेवरून ओघळ गेले.

"आत्याबाई, पुरं की! देवाला तर ठेवा."

"देव थांबंल," त्या टाळू थापत म्हणाल्या. "आधी हे डोस्कं गार होऊ दे. आज सकाळधरनं तू माझ्या फणीच्या दातांकडं बघायलीस."